न विझणारी राख आणि तिचा हिशेब

मागच्या बैठकीत विजेचा विषय निघाला. भारनियमन झाले, रात्री-अपरात्री पंपाला मिळणारी वीज झाली, कोळशाची राख झाली. तेवढ्यात मागे बसलेला एक तरुण उठला आणि म्हणाला, "भाऊ, त्या अणुविजेचं काय? धूर नाही, राखेचे डोंगर नाहीत. इंधन जळून गेल्यावर जे उरतं, त्याला एवढं भ्यायचं कशाला? चुलीतली राख आपण उकिरड्यावर टाकतोच की!" बैठकीत हशा पिकला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आम्ही तिथे दोन वाक्यांत उत्तर दिले, ते अपुरे होते. पुरे उत्तर आज देतो.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. वापरलेल्या अणुइंधनाला घाबरून पळायचे कारण नाही, आणि 'काही होत नाही' म्हणून मान डोलवायचेही कारण नाही. ही राख विझत नाही. तिला राखण लागते आणि राखणीला खर्च लागतो. तो खर्च आजच्या विजेच्या भावात धरला आहे, की नातवंडांच्या नावावर उधार मांडला आहे, हा खरा प्रश्न. उत्पादन खर्च मांडायला शिकलेल्या शेतकऱ्याला तो दुसऱ्या कोणापेक्षा लवकर समजेल.

चूल आणि भट्टी

चुलीत पऱ्हाटी जळते तेव्हा काय होते? लाकडातला कार्बन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो. अणू तेच राहतात, त्यांच्या जोड्या बदलतात. जोड्या बदलून झाल्या की काम संपले. राख थंड पडते. तिच्यात पालाश असतो म्हणून ती आपण शेतातही टाकतो.

अणुभट्टीत खुद्द अणूच फुटतो. युरेनियमच्या ऑक्साइडच्या बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या धातूच्या लांब नळ्यांत भरतात आणि कडब्याची पेंडी बांधावी तशी त्या नळ्यांची जुडी बांधतात. नवी जुडी हातमोजे घालून हाताळता येते, एवढा तिचा किरणोत्सर्ग कमी. भट्टीत न्यूट्रॉनचा मारा बसला की युरेनियमचा अणू दुभंगतो, उष्णता निघते, तिच्याने पाण्याची वाफ होते आणि वाफ जनित्र फिरवते. इथवर ठीक.

पण दुभंगलेल्या अणूचे जे तुकडे उरतात, म्हणजे सिझियम, स्ट्राँशियम, आयोडीन वगैरे, ते धड नसतात. त्यांच्यात गरजेपेक्षा जास्त न्यूट्रॉन कोंबलेले असतात. हा बिघाड दुरुस्त होऊन अणू स्थिर होईपर्यंत ते किरण फेकत राहतात. यालाच किरणोत्सर्ग म्हणायचे. शिवाय न फुटलेले काही युरेनियम न्यूट्रॉन गिळते आणि त्याचे प्लुटोनियम बनते. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांत वापरतात त्या जातीच्या इंधनाची जुडी बाहेर काढली, तर तिच्यात सुमारे 95 टक्के युरेनियम तसेच असते, 1 टक्क्याच्या आसपास प्लुटोनियम असते आणि 3 ते 4 टक्के हे तुकडे असतात. सगळा ताप या चार-पाच टक्क्यांचा आहे.

म्हणून भट्टी बंद करणे म्हणजे चूल विझवणे नव्हे. अणू फुटायचे थांबतात, तुकड्यांचे किरण फेकणे थांबत नाही. भट्टी बंद केल्या क्षणी तिच्यात पूर्ण उष्णतेच्या 6 ते 7 टक्के उष्णता निघतच असते. 1000 मेगावॉट विजेच्या भट्टीत सुमारे 3000 मेगावॉट उष्णता असते. त्याचे 6-7 टक्के म्हणजे 200 मेगावॉटच्या घरात गेले. एका दिवसाने ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते आणि पुढे हळूहळू उतरते, पण शून्य होत नाही. यासाठी बाहेर काढलेल्या जुड्या काही वर्षे खोल पाण्याच्या हौदात ठेवाव्याच लागतात. पाणी दोन कामे करते. उष्णता काढून नेते आणि किरण अडवते. दहा वर्षे थंड केलेल्या जुडीजवळ कोणी उघड्यावर उभा राहिला तरी काही मिनिटांत प्राणघातक मात्रा घेईल. तीच जुडी काही मीटर पाण्याखाली असली तर हौदाच्या काठावर माणूस काम करू शकतो.

11 मार्च 2011 ला जपानच्या फुकुशिमा वीज केंद्रावर त्सुनामी आली तेव्हा तिथली चौथी भट्टी बंदच होती. तिचे इंधन काढून हौदात ठेवलेले होते. हौदात दीड हजारांवर जुड्या. वीज गेली, पंप थांबले, पाणी तापू लागले आणि साऱ्या जगाचे डोळे त्या एका हौदावर लागले. हौदात पाणी टिकले म्हणून निभावले. 2014 च्या अखेरीस सगळ्या जुड्या तिथून हलवल्या. बंद भट्टीच्या वापरलेल्या इंधनाने एका देशाची झोप उडवली, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

तीन काळ

हा किरणोत्सर्ग किती दिवस चालतो? प्रत्येक तुकड्याचे अर्धायुष्य ठरलेले असते. म्हणजे जेवढे आहे त्याचे निम्मे व्हायला लागणारा काळ. अर्धायुष्य 30 वर्षे असेल तर 30 वर्षांनी निम्मे, 60 वर्षांनी पाव, 90 वर्षांनी दोन आणे. दहा अर्धायुष्ये गेली की हजारात एक उरतो.

या हिशेबाने तीन गट पडतात. पहिला लवकर संपणारा. आयोडीन-131 चे अर्धायुष्य 8 दिवस. तीन महिन्यांत ते जवळजवळ संपते. दुसरा गट सिझियम-137 आणि स्ट्राँशियम-90 चा. दोघांचे अर्धायुष्य 30 वर्षांच्या आसपास. हजारात एक उरायला 300 वर्षे. रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक 1674 साली झाला. त्या दिवशी कोणी हे पुरले असते तर ते आत्ता कुठे निवले असते. तिसरा गट प्लुटोनियम-239 सारख्यांचा. अर्धायुष्य 24 हजार वर्षे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात जे शेतकरी सापडले ते तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे. जगात शेती सुरू होऊन दहा-बारा हजार वर्षे झाली. प्लुटोनियमचे निम्मे व्हायला याच्या दुप्पट काळ पाहिजे.

इथे एक गैरसमज काढून टाकू. जे जास्त वर्षे टिकते ते जास्त जोरात मारते असे नाही. उलट आहे. काटकी भडकून जळते आणि लवकर संपते, बुंधा धुमसत राहतो. पहिली तीनशे वर्षे खरा जोर सिझियम-स्ट्राँशियमचा. नंतर प्लुटोनियमसारख्यांचे धुमसणे उरते. त्यांचे किरण कागदानेही अडतात, पण कण श्वासाबरोबर फुप्फुसात गेला तर तो आत बसून घाव घालतो. म्हणून पहिल्या काळात जाड भिंत आणि थंडावा पाहिजे. नंतरच्या काळात हे पाण्यात, हवेत, मातीत जाता कामा नये, एवढी एकच गोष्ट सांभाळायची. पण ती हजारो पिढ्या सांभाळायची.

मग यावर औषध नाही का? आपण फवारतो त्या औषधांपैकी पुष्कळशी उन्हाने, पाण्याने, जमिनीतल्या जिवाणूंनी आज ना उद्या मोडतात, कारण तिथे अणूंच्या जोड्या मोडायच्या असतात. किरणोत्सर्ग अणूच्या गाभ्यातून येतो. त्याला जाळले तरी तो तसाच, आम्लात विरघळवला तरी तसाच. जिवाणूंचे तिथे काही चालत नाही. काळाखेरीज त्यावर उतारा नाही.

मातीत गेले तर

आम्ही मातीचे शास्त्र शिकलो, म्हणून हा भाग आमच्या जिव्हाळ्याचा. पिकाच्या मुळाला सिझियम आणि पालाश यांतला फरक नीट कळत नाही. स्ट्राँशियम आणि चुना यांतलाही कळत नाही. म्हणून सिझियम पालाशाच्या वाटेने पिकात आणि जनावराच्या मांसात जाते. स्ट्राँशियम चुन्याच्या वाटेने चाऱ्यात, चाऱ्यातून दुधात आणि दुधातून लेकराच्या हाडात जाते.

हे पुस्तकातले नाही, घडलेले आहे. 29 सप्टेंबर 1957 ला सोव्हिएत संघात उरल पर्वताच्या भागात मायाक नावाच्या कारखान्यात कचऱ्याची एक टाकी फुटली. बाँबसाठी प्लुटोनियम काढून घेतल्यावर वापरलेल्या इंधनाचा जो द्रव उरला तो तिच्यात होता. टाकी थंड ठेवणारी व्यवस्था बिघडली, पाणी आटले, उरलेले क्षार तापून स्फोट झाला. बाँब नाही, भट्टी नाही, नुसती कचऱ्याची टाकी. हजारो हेक्टर शेतजमीन लागवडीतून काढावी लागली. दहा हजारांवर लोकांना गावे सोडावी लागली, त्यातली काही गावे तर दीड वर्ष उलटल्यावर हलवली गेली. सरकारने हे उघडपणे कबूल केले 1989 साली. शेतकऱ्याच्या जमिनीवर काय पडले हे सांगायला सरकारला बत्तीस वर्षे लागली.

फुकुशिमात भट्ट्यांतल्या इंधनातून सिझियम बाहेर पडले. तिथल्या शेतकऱ्यांनी वरची चार-पाच सेंटिमीटर माती खरवडून काढली आणि धानाच्या खाचरात जादा पालाश टाकला, म्हणजे पीक पालाश घेईल आणि सिझियम कमी घेईल. उपाय लागू पडला. पण खरवडलेली माती आणि कचरा सव्वा कोटी घनमीटरांच्या वर गेला, आणि तो 2045 पर्यंत जिल्ह्याबाहेर नेण्याचे बंधन सरकारने कायद्याने स्वतःवर घातले आहे. वरची चार बोटे माती म्हणजे काय, हे कोरडवाहू शेतकऱ्याला आम्ही सांगायला नको.

पेव

सांभाळायचे कसे, याची तऱ्हा आता ठरल्यासारखी आहे. आधी पाण्याचा हौद. थंड झाले की पोलाद आणि काँक्रीटची जाड पिंपे, ज्यांना नुसती हवा पुरते. आणि शेवटी जमिनीखाली खोल.

आपल्याकडे ज्वारी पेवात ठेवत. पेवाचे दोन नियम जुन्या माणसांना ठाऊक आहेत. पेव उघडले की लगेच आत उतरायचे नाही, आत कोंडलेली हवा जीव घेते. आणि पेव कुठे आहे ते बापाने मुलाला दाखवून ठेवायचे. अणुइंधनाचे खोल भांडार म्हणजे कधीच न उघडायचे पेव.

असे पेव फिनलंडने खोदले आहे. ओल्किलुओटो बेटावर, चारशे मीटरहून खोल, सुमारे 190 कोटी वर्षे जुन्या खडकात. त्याचे नाव ओन्कालो. जुड्या ओतीव लोखंडात, त्यावर तांब्याचे जाड कवच, आणि भोवती बेंटोनाइट माती ठासायची. ही माती पाणी लागले की फुगते आणि भेगा बुजवते. हे वाचून आम्हाला हसू आले, कारण आपल्या काळ्या कपाशीच्या रानातली चिकणमाती याच गोत्रातली. उन्हाळ्यात पाय जाईल एवढी भेग आणि मृगाच्या पावसात ती नाहीशी, हे आपण दर वर्षी पाहतो.

पण खडक आणि माती यांपेक्षा आम्हाला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथल्या सरकारने 1983 साली वेळापत्रक आखले. तिथल्या कायद्याने गावाला 'नाही' म्हणण्याचा अधिकार आहे. गावाने होकार दिला, मग 2001 साली संसदेने मान्यता दिली. 2004 मध्ये खोदाई सुरू झाली आणि 2024 मध्ये चाचणी. चाळीस वर्षे लागली, पण गावाला विचारून झाले, आणि खर्चाचा निधी वीज विकणाऱ्यांकडून आधीच गोळा केला.

आपल्या घरचे तारापूर

आता आपल्या राज्याकडे येऊ. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या 1969 साली सुरू झाल्या. 1963 च्या कराराने इंधन अमेरिकेचे. 1974 साली पोखरणची चाचणी झाली, 1978 साली अमेरिकेने नवा कायदा केला आणि इंधन देण्यातून अंग काढले. पुढे फ्रान्सने दिले. पण वापरलेल्या अमेरिकी इंधनाचे काय? अमेरिका ते परत नेईना आणि आपल्याला त्यावर पुनर्प्रक्रियाही करू देईना. 1993 साली कराराची मुदत संपली, दोन देशांचा वाद चालूच राहिला आणि जुड्या तारापूरच्या पाण्यात पडून राहिल्या. हौद अपुरा पडू लागला म्हणून आणखी हौद बांधावा लागला, कोरडी पिंपे करावी लागली. करार करणारे गेले, राखण मागे राहिली.

बाकीच्या भट्ट्यांच्या इंधनासाठी आपल्या देशाने पुनर्प्रक्रियेचा मार्ग धरला आहे. जुड्या कापायच्या, नायट्रिक आम्लात विरघळवायच्या, युरेनियम आणि प्लुटोनियम पुन्हा वापरायला काढून घ्यायचे. उरलेला तीव्र द्रव वितळलेल्या काचेत मिसळून पोलादी डब्यात ओतायचा. हे काम आपल्या शास्त्रज्ञांनी तारापूरला करून दाखवले, काचेचे डबे ठेवायला हवेने थंड राहणारे भांडारही तिथे आहे. याचा आम्हाला अभिमान आहे. मायाकच्या टाकीतला द्रव काचेत गोठवला असता तर तो असा फुटला नसता. पण पुनर्प्रक्रियेने कचऱ्याचे आकारमान घटते, कचरा नाहीसा होत नाही. सिझियम आणि स्ट्राँशियम काचेत तसेच राहतात. डबे आज ना उद्या खोल पेवात जायचे आहेत. उरणारा कचरा थोडा आहे, तेव्हा पेवाची घाई नाही, असे सरकार सांगत आले आहे. थोडा आहे हे खरे. पण घाई नाही म्हणता म्हणता दोन पिढ्या गेल्या.

खर्च कोणाच्या खात्यावर?

अमेरिकेने 1982 साली कायदा केला की वापरलेले इंधन सरकार ताब्यात घेईल. त्यासाठी 1983 पासून अणुविजेच्या दर युनिटमागे एक सेंटचा दहावा भाग वसूल केला. ताबा 1998 पासून घ्यायचा होता. 1987 साली नेवाडातला युक्का डोंगर नक्की केला, त्या राज्याने अखेरपर्यंत विरोध केला आणि काम बंद पडले. 2014 साली वसुलीही न्यायालयाच्या आदेशाने थांबली. इंधन सुमारे 90 हजार टन, आहे तिथेच, देशभरच्या वीज केंद्रांच्या अंगणात. करार मोडला म्हणून सरकारने वीज कंपन्यांना आजवर एक हजार कोटी डॉलरच्या वर भरपाई दिली. बाजार समितीने सेस कापायचा आणि माल ठेवायला शेडच बांधायची नाही, तशातली गत. आणि भरपाई गेली ती करदात्याच्या खिशातून.

आपण कापसाचा भाव मागताना काय म्हणतो? बी-खत धरले, पण घरच्यांची मजुरी धरली नाही, जमिनीची झीज धरली नाही, तर तो उत्पादन खर्च खोटा. मग विजेला दुसरा न्याय का? ज्या युनिटच्या भावात राखण धरलेली नाही तो भाव स्वस्त नाही, अपुरा आहे. आणि हे कोळशालाही लागू आहे. 1000 मेगावॉटच्या कोळशाच्या केंद्रातून वर्षाला पंधरा लाख टनांच्या आसपास राख निघते. तेवढ्याच विजेसाठी तारापूरच्या पहिल्या जोडीसारख्या इंधनाचा वापरलेला माल भरतो वीस-पंचवीस टन. जड पाण्याच्या भट्ट्यांत याच्या पाच-सहा पट. म्हणजे आकारमानाने अणुइंधन कितीतरी कमी, हे मान्य केलेच पाहिजे. जुलै 2022 मध्ये कोराडीच्या राखेच्या तलावाचा बांध फुटून राख शेतात शिरली, ती निदान डोळ्यांना दिसली. किरणोत्सर्ग दिसत नाही, त्याला वास नाही. म्हणून माल थोडा असला तरी राखणदार जास्त चोख पाहिजे.

राखणदार गेला की काय होते ते ब्राझीलच्या गोयानिया शहराने 1987 साली पाहिले. बंद पडलेल्या दवाखान्यात किरणोपचाराचे यंत्र सोडून दिलेले होते. भंगारवाल्यांनी ते फोडले. आत सिझियमची शंभर ग्रॅमही नसलेली पावडर, अंधारात निळी चमकणारी. लोकांनी ती कौतुकाने हाताळली, घरी नेली. चार जण गेले, लाखावर लोकांची तपासणी करावी लागली. आपल्याकडे 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. डब्यांवर सूचना छापलेल्या होत्याच. छापील सूचना राखण करत नाही, माणूस करतो.

तेव्हा त्या तरुण मित्राला आमचे उत्तर असे. चुलीतली राख उकिरड्यावर टाकता येते कारण ती विझलेली असते. ही विझलेली नाही. ती सांभाळता येते, सांभाळण्याची विद्या आहे, आपल्या देशातही आहे. पण उद्या कोकणात असो की आणखी कुठे, नव्या भट्टीची आणि स्वस्त विजेची गोष्ट निघेल, तेव्हा टाळी वाजवण्याआधी आणि दगड उचलण्याआधीही तीन प्रश्न विचारा. वापरलेले इंधन पन्नास वर्षांनी कुठे असेल, ती जागा दाखवा. त्याची नोंदवही कोणाकडे, आणि ती गावाला पाहता येईल का? राखणीचा खर्च युनिटमागे किती पैसे धरला, आणि तो कोणत्या खात्यात जमा आहे?

उत्तरे मिळाली तर हिशेब बसून तपासू. मिळाली नाहीत तर ती वीज उधारीची समजायची. बापाच्या उधारीचा बोजा सातबारावर बसला की मुलगा कसा वाकतो, हे आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नाही.